काडतूस भरायचं राहू द्या, आधी छरा ओळखा

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. कोल्हापूर आम्हाला परकं नव्हेच. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद घेतलं होतं, पण तेव्हा हातोहाती मोबाइल नव्हते. आता आहेत, म्हणून वेडाबरोबर एक प्रश्नही आला. परवा एकानं विचारलं, "काका, वापरलेली काडतुसं घरी परत भरता येतात काय हो? मोबाइलवर दाखवालेत की."

दाखवतात खरं. परदेशातला कोणी गॅरेजमध्ये दांड्याचं यंत्र लावून बसलेला असतो, झाडलेल्या काडतुसाच्या पितळी खोक्यात बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. तो हे दोन कारणांसाठी करतो: काडतूस स्वस्त पडतं आणि प्रत्येक काडतूस आदल्यासारखंच निघतं. पहिल्या कारणात मला रस नाही. दुसऱ्या कारणासाठी मात्र हा सगळा लेख आहे, कारण 'आदल्यासारखंच' ही गोष्ट घरी शिकायला दारूची गरज लागत नाही.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्या घरी पीकरक्षणाची बंदूक परवान्यावर असेल, तर तो परवाना ती बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नव्हे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. काहीजण कोडगूचं उदाहरण देतात. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना जी सूट आहे ती बंदूक बाळगण्यापुरती. काडतूस भरण्याशी तिचा संबंध नाही, आणि आपल्या जिल्ह्याशी तर नाहीच. खानापूरच्या रानातल्या जुन्या लोकांनी ठासणीच्या बंदुकीत अंदाजानं दारू ओतली, ती त्यांची गोष्ट. दोनदा ओतलेली दारू नळी फाडते, आणि फाटलेली नळी धरणाऱ्याच्या तोंडाशी असते.

आणि गंमत बघा. कुसाळे ज्या प्रकारात खेळला, त्यातलं .२२ चं काडतूस सहसा कोणी घरी भरत नाही. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच ओतलेला असतो. एकदा पिननं ती कड चेपली की खोकं संपलं, भंगारात. म्हणजे ऑलिंपिकचे नेमबाज कारखान्याचंच काडतूस वापरतात. ते काय करतात? वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यात वेगवेगळ्या खेपेला बनलेली, काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून बघतात, ज्या लॉटच्या गोळ्या सगळ्यात जवळजवळ पडतात तो लॉट उचलतात आणि मग त्याला हात लावत नाहीत.

मी आयुष्यभर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्नच्या म्हणजे ओतकामाच्या साच्यांच्या कामात होतो. फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा नंबर असतो, कारण एका हीटचं लोखंड दुसऱ्या हीटसारखं असेलच असं नाही. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. छऱ्याच्या डब्याखाली लॉट नंबर छापलेला दिसला तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. शिकवायला चाळीस वर्षं लागणारी गोष्ट डब्याच्या बुडाला फुकट लिहिलेली.

तर आता कामाला लागू.

रायफल कुठली

घरी शिकायला १० मीटर एअर रायफल, म्हणजे १० मीटरवरच्या टार्गेटसाठीची, हवेच्या दाबानं छरा फेकणारी. नळीचा व्यास ४.५ मिमी. छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल आणि नळी याहून मोठी नसेल, तर शस्त्र परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा, बिल घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. त्या बिलाचं काम शेवटी येईल.

स्पर्धेची रायफल २० जूलच्या जवळपासही जात नाही. हिशेब सोपा आहे. छऱ्याचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. ऊर्जा साडेसात जूलच्या थोडी वर येते. ऐकायला कमी वाटतं, पण डोळा जायला ती पुरून उरते. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून शेंडेफळापर्यंत, एकदा नीट सांगा.

दोन जाती आहेत. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, ती स्वस्त आणि दणकट. आणि सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी, जिला पीसीपी म्हणतात. शिकायला पीसीपी सोपी जाते, कारण स्प्रिंगची रायफल झाडताना आतला पिस्टन पुढं आदळतो आणि सगळं थरथरतं. तुमचा दोष कुठला आणि स्प्रिंगचा कुठला ते कळत नाही. पण घरात स्प्रिंगचीच असेल तर तिच्यावरच शिका, नुकसान नाही. मी तिच्यावरच सुरुवात केली.

स्प्रिंगच्या रायफलीबद्दल दोन ताकीद. नळी मोडून छरा घालताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरा. ती सुटली तर अडकित्ता मिटावा तशी परत मिटते, आणि तुमचं बोट त्या फटीत असतं. माझ्या अंगठ्याचं नख त्या धड्यात गेलं. दुसरं, छरा न घालता ती झाडू नका, पिस्टनला उशी मिळत नाही आणि आतला भाग खराब होतो.

जागा

बेळगावच्या जुन्या शहापुरातली घरं आडवी लहान आणि आत लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू अशी सरळ रांग असते, १० मीटर कुठं ना कुठं मिळतातच. नव्या फ्लॅटमध्ये मिळत नाहीत. मग ५ मीटरवर निम्म्या मापाचं टार्गेट लावा, काही बिघडत नाही. खरं टार्गेट मोजून बघा म्हणजे तुम्हाला कळेल तुम्ही कशाच्या नादाला लागलाय: सगळ्यात बाहेरचं वर्तुळ ४५.५ मिमी आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मोहरीहून बारीक. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच ठेवतात.

जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: टार्गेटच्या आणि माझ्या मध्ये किंवा टार्गेटच्या मागं कुणी येऊ शकेल का? दार असेल तर ते आतून कडी लावून बंद. परसात करायचं असेल तर शेजारच्यांना सांगा, भिंतीची उंची बघा, आणि भिंतीपलीकडं कुणाचं धुणं वाळत असतं ते बघा. आंब्यावरच्या पाखरांवर, खारीवर छरा झाडणं हा तर सरळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा विषय आहे. त्यात नेमबाजीही नाही आणि मर्दानगीही नाही.

टार्गेटमागं काय लावायचं, यावर लोक चुकतात. मीही चुकलो. माझ्याकडं कडप्प्याची एक फुटकी फरशी पडून होती, ती उभी केली आणि पुठ्ठा चिकटवला. तिसराच छरा टणकन परत आला आणि नडगीला लागला. चड्डीवर होतो, हिरवं-निळं झालं. कडक सपाट गोष्ट छरा परत फेकते. दगड, काँक्रीट, सरळ उभी पत्र्याची पाटी, यातलं काहीच नको.

उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून पेटी करून घ्या. मागची पट्टी ३ मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्याची, वरची कड पुढं येईल अशी खाली तोंड करून तिरपी, म्हणजे छरा आदळून खालच्या ट्रेमध्ये पडतो. पुढचं तोंड उघडं, त्यावर टार्गेट अडकवायला चिमटे. तिरक्या पत्र्यावर वायर सील करायची मऊ पुट्टी थापली तर आवाजही कमी आणि छराही तिथंच रुततो. पेटीमागं भिंतीला जुनं ब्लँकेट किंवा गोणपाट दुमडून टांगा. कधीतरी पेटी चुकणारच.

चष्मा घालायचा. साधा नंबरचा पुरत नाही, मार सोसणारा सुरक्षा चष्मा, पॉलिकार्बोनेटच्या काचेचा हवा. बघायला उभा राहणाऱ्यानंही घालायचा, आणि तो झाडणाऱ्याच्या मागं उभा राहील, बाजूला नव्हे.

हातात घेतल्यावर

रायफल भरलेलीच आहे असं समजायचं, तुम्ही आत्ताच रिकामी केली असली तरी. नळीचं तोंड टार्गेटकडंच. बोट ट्रिगरबाहेर, नेम लागेपर्यंत. बस, एवढंच आहे. हे इतकं साधं आहे की पोरं कंटाळून ऐकतात आणि मग बोलता बोलता नळी वळवून माझ्याकडं बघतात.

म्हणून मी एक हिरवी दोरी वापरतो. गवत कापायच्या यंत्राला जी जाड नायलॉनची दोरी लागते ती दुकानातून मीटरवर मिळते. नळीच्या लांबीपेक्षा हातभर जास्त कापायची आणि नळीतून आरपार घालून ठेवायची. दोन्ही टोकांनी लोंबते, म्हणजे आत छरा नाही हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतं. स्पर्धेच्या रेंजवर असंच निशाण सक्तीचं असतं. दोरी काढली म्हणजे मैदान सुरू, दोरी घातली म्हणजे मैदान बंद. घरातल्या सगळ्यांना हा नियम कळतो, सहा वर्षांच्या पोरालासुद्धा.

ठेवताना रायफल कुलपात, छरे वेगळ्या कपाटात. चावी एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण पोरांना माहीत नसलेलं.

हवा

पीसीपीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार हवा असते. तुमच्या मोटारसायकलच्या चाकात जेवढी असते त्याच्या शंभरपट धरा. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. स्पर्धेच्या रायफलींचे उत्पादक साधारण दहा वर्षांचं आयुष्य धरतात. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून घेताना ती तारीख आधी वाचा, दस्त्याची पॉलिश नंतर बघा.

आता आमच्याच गावची बात. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर उभा असतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, यातनंच भरून देऊ की, क्षणात होतं." नाही. कधीच नाही. दाबलेल्या शुद्ध ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा एक डाग मिळाला तरी ते पेटतं, आणि ते पेटणं म्हणजे तुमच्या गालाशी स्फोट. उद्यमबागेत गॅस कटिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ते कधी तेल लावत नाहीत. पण रायफलीबाबत विसरतात. भरायचं ते फक्त कोरड्या हवेनं: हातपंपानं, किंवा डायव्हिंगचे सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरनं.

याच कारणानं नळीत, व्हॉल्व्हमध्ये, स्प्रिंगच्या कोठीत शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गाडीचं ऑइल घालू नका. स्प्रिंगच्या रायफलीत दाबामुळं हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेटते, ठो आवाज येतो, धूर दिसतो आणि पोरं खूश होतात, "आज जोरात वाजतंय." वाजतंय ते डिझेल इंजिन. सील जळतं, छरा भलताच वेगानं जातो. जे वंगण उत्पादकानं सांगितलं तेवढंच, आणि तेही टाचणीच्या टोकाएवढं.

पावसाळ्यात हातपंपानं भरताना हवेबरोबर पाणी आत जातं. जांबोटी-कणकुंबीकडं राहणाऱ्यांना सांगायला नको, जूननंतर तिथं मीठ पातळ होतं. पंपाचं पाणी सोडायचं बटण दर काही ठोक्यांनी दाबा, पंप थांबवून थंड होऊ द्या. सिलिंडर आतून गंजला तर बाहेरून दिसत नाही.

छरे

इथं थोडं रेंगाळतो, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात.

छरे चपट्या तोंडाचे घ्या. कागदात ते पंचिंगसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजता येतात. टोकदार छऱ्यानं कागद फाटतो आणि भांडण होतं. डब्यात सहसा ५०० असतात. बाहेर दोन गोष्टी छापलेल्या असतात: डोक्याचा व्यास, उदाहरणार्थ ४.४९ किंवा ४.५०, आणि लॉट.

मग वजनाचा विषय निघतो. काडतूस भरणारा दारू वजन करतो म्हणून आपल्यालाही छरे वजन करावेसे वाटतात. मी केले. शहापुरातल्या ओळखीच्या सराफाकडं संध्याकाळी पेढी बंद व्हायच्या वेळी गेलो, काट्यावर एकेक छरा ठेवला. त्यांनी आधी विचारलं, "हे काय हो, शिसं तोलायला आलासा?" घरी मिळणारा किचनचा काटा इथं चालत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणाराही नाही. ०.००१ ग्रॅम दाखवणारा लागतो, तो सराफाकडं असतो.

पण थांबा, हिशेब करू. १७० मीटर वेगानं जाणारा छरा १० मीटर जायला ०.०५९ सेकंद घेतो, तेवढ्या वेळात तो १७ मिमी खाली येतो. वेग १६८ झाला तर १७.४ मिमी. म्हणजे सेकंदाला दोन मीटरचा फरक टार्गेटवर ०.४ मिमी. आता ५३० मिलिग्रॅमच्या छऱ्यात ५ मिलिग्रॅमचा फरक पडला, तर वेगात फरक सेकंदाला एक मीटरहून कमी, टार्गेटवर ०.१६ मिमी. एक पूर्ण वर्तुळ म्हणजे अडीच मिलिमीटर. नवशिक्याचे छरे ३०-४० मिमीमध्ये पसरतात. वजन करण्यात त्यानं घालवलेली संध्याकाळ सराफाच्या चहापुरतीच सत्कारणी लागते.

रायफल जरा तिरकी धरली तर काय होतं ते बघा. फक्त ५ अंश कलली तरी तोच १७ मिमीचा खाली येण्याचा हिशेब आडवा होतो आणि छरा दीड मिलिमीटर बाजूला जातो. वजनातल्या फरकाच्या नऊपट. म्हणून माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, पाणसळ असेल तर ती बघा, काटा सोडून द्या.

वजनापेक्षा मागचा घेर बघा. छऱ्याची शेपटी पातळ शिशाची असते, डबा हापटला की ती चेमटते, आणि चेमटलेला छरा हवेत वेडावाकडा जातो. डबा मोटारसायकलच्या डिकीत टाकून चोर्ला घाटात फिरवला तर अर्धे बाद. मी घरी आल्यावर एक मूठ पांढऱ्या ताटलीत पसरतो, उजेडाकडं धरून घेर गोल आहे का बघतो, चेमटलेले वेगळ्या डबीत. ते पहिल्या दहा-वीस अंदाजाच्या शॉटला वापरायचे.

लॉट निवडायची रीत अशी. वेगवेगळ्या लॉटचा किंवा डोक्याच्या मापाचा एकेक डबा आणा, जास्त नको, दोन-तीन. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, म्हणजे तुमचा हात हिशेबातून निघतो. प्रत्येक डब्यातले १० छरे एका कागदावर, असे पाच कागद. व्हर्निअरनं सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. एक चांगला कागद बघून हुरळू नका. पाचही कागद सारखे असतील तो डबा घ्या. मग परवडेल तेवढे त्याच लॉटचे डबे उचला. दुकानदाराला लॉट नंबर लिहून द्या, तोंडी सांगितला की तो 'तसलाच' देतो, आणि तसला म्हणजे तो नव्हे.

एकाच पावलावर पाऊल

इथून पुढं यंत्राचं काम संपलं, तुमचं सुरू.

पाय कुठं ठेवता, त्याची खडूनं जमिनीवर खूण करा. उद्या त्याच खुणेवर. रायफल उचला, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी टार्गेटच्या डावीकडं दिसली तर हातानं ओढून आणू नका, मागचा पाय सरकवा. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताना परत जातो.

गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकला पाहिजे. मी सुरुवातीला दस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला होता; गालाला त्याची कड लागली की जागा बरोबर. कुणाला हसू येतं, येऊ दे.

श्वास अर्धा सोडून थांबायचं, पाच-सात सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर रायफल खाली. हे खाली घेणं सगळ्यांना जड जातं. जोर लावून धरलं की हात थरथरतो, डोळा टार्गेटचं चित्र पुसट करतो आणि मग माणूस 'जाऊ दे' म्हणून ट्रिगर ओढतो. त्या 'जाऊ दे'चे छरे कागदावर लगेच ओळखू येतात.

सुटल्यावरही चार-पाच क्षण तसंच धरून राहा. छरा अजून नळीतच असतो तेव्हा तुम्ही मान वर केली तर नळीही वर जाते.

स्पर्धेच्या पीसीपी रायफलीत छरा न घालता नुसता ट्रिगर सोडायची सोय असते. दिवसातले निम्मे शॉट असे करा. भिंतीवर पांढरा कागद लावून त्याच्याकडं बघत. माशी ट्रिगरच्या क्षणी हलली की नाही एवढंच बघायचं. खर्च शून्य, शिसं शून्य.

आणि वही. शाळेची शंभर पानी पुरते. तारीख, छऱ्याचा लॉट, सिलिंडरचा दाब, सकाळ की रात्र, दिवा कुठला, दहा शॉटच्या ग्रुपचं माप, आणि शेवटी एक ओळ, काय वाटलं. एका दिवशी एकच गोष्ट बदला. दस्त्याची लांबी बदलली, त्याच दिवशी छरा बदलला, त्याच दिवशी नवे बूट घातले, तर कुठल्यामुळं सुधारणा झाली हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. नेम सरकवायचे, डोळ्याजवळच्या मागच्या नेमाचे क्लिकसुद्धा एका छऱ्यावर फिरवायचे नाहीत. पाच छरे एका जागी जमले आणि ती जागा बाजूला असली तरच.

स्पर्धेत ६० शॉटना सव्वा तास मिळतो, त्याआधी पंधरा मिनिटं अंदाजाला. एका शॉटचे जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. नवशिक्यानं हा आकडा माहीत असू द्यावा आणि विसरून जावा. घरी आठवड्यातून चार दिवस ३० शॉट, मन लावून. रविवारी बसून दोनशे केले तर शेवटचे दीडशे चुकीची सवय मुरवण्यात जातात.

शिसं

छरा म्हणजे शिसं. हाताळला की बोटांना लागतं, आदळला की भुगा होतो. म्हणून सराव चालू असताना चहा नाही, चिवडा नाही, तंबाखू तर नाहीच. छरा ओठात धरून दुसरा घालणारे मी पाहिलेत. झाल्यावर साबण लावून थंड पाण्यानं हात, मग तोंड. खिशात सुटे छरे टाकायचे नाहीत, तो शर्ट घरच्यांच्या कपड्यांत धुतला जातो.

पेटीजवळची जागा केरसुणीनं झाडू नका, भुगा उडतो आणि नाकात जातो. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं वेगळं ठेवा. ट्रेमधले चेपलेले छरे जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या भंगारवाल्याला द्या. काहीजण घरच्या चुलीवर वितळवून गळाला वजनं करतात. फाउंड्रीत चाळीस वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, शिशाच्या धुराला वास येत नाही, म्हणूनच तो वाईट. लहान पोरं असलेल्या घरात तर हा विचारसुद्धा नको.

पावसाळ्यात छऱ्यांवर पांढरी भुकटी चढते. ते शिसं गंजलेलं असतं, विषारी असतं आणि छऱ्याचं मापही बदलतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात येते तीच. भुकटी चढलेले डबे पुसून वापरायच्या फंदात पडू नका.

कोल्हापूरला जाताना

घरी तीन-चार महिने झाले की चांगल्या रेंजवर, चांगल्या प्रशिक्षकासमोर उभं राहावंसं वाटतं, आणि आमच्याकडची बरीच मुलं त्यासाठी कोल्हापूर गाठतात. रायफल कुलूप लावलेल्या बॅगेत, नळीत हिरवी दोरी, सिलिंडरचा दाब कमी करून, छरे वेगळ्या पिशवीत. बिल आणि ओळखपत्र बॅगेच्या वरच्या खिशात, तळाशी नव्हे.

कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणी असली की, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, लांबट बॅग बघून गाडी बाजूला घ्यायला सांगतात. "इदु एनु?" (हे काय?) असं विचारलं की स्वतःहून खसकन चेन उघडायची नाही. "एअर रायफल, स्पोर्ट्स. बिल इदे (बिल आहे)," एवढं कानडीत म्हणायला कुणाचंच काही जात नाही. आधी बिल दाखवायचं, मग बाजूला उभं राहून बॅग त्यांना उघडू द्यायची. गेल्या वेळी माझ्या पुतणीची बॅग उघडून बघणाऱ्या हवालदारांनी हिरव्या दोरीकडं बोट दाखवून हे कशाला म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. ते म्हणाले, आमच्यातल्या काहींना पण ही दोरी द्यायला पाहिजे, आणि गाडी सोडली.